सांगलीत राहून सिनेमा शिकायचा आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की सांगली, मिरज, तासगाव, विटा, जत अशा ठिकाणांहून मुलं भेटायला येतात. सोबत बहुतेक वेळा आई किंवा वडील असतात. मी कॉलेजात चित्रपटनिर्मितीचं प्रात्यक्षिक शिकवतो. मुलांचे प्रश्न दरवर्षी तेच असतात, पण त्यामागची काळजी खरी असते, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून काढली. माझं एक ठाम मत या सगळ्या उत्तरांत दिसेल, ते आधीच सांगतो. विद्यार्थ्याने स्वतः केलेला, शेवटपर्यंत नेलेला आणि परक्या माणसांना दाखवलेला पाच मिनिटांचा लघुपट हेच या शिक्षणाचं एकक आहे. जिथे असे लघुपट एकामागून एक होतात तिथे सिनेमा शिकता येतो, मग इमारत कशीही असो.

कॉलेजात जाऊन सिनेमा शिकता येतो का? त्यापेक्षा थेट मुंबईला जाऊन असिस्टंट व्हावं, असं सगळे सांगतात.

सांगणाऱ्यांचं अगदीच चुकत नाही. आपल्या भागात सिनेमा कामातूनच शिकला गेला. इथून पन्नासेक किलोमीटरवरच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बांधला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम तिथेच पडेल ते काम करत तयार झाले. कुणी पडदे रंगवले, कुणी फिल्म धुतली, कुणी भूमिका केली. १९२९ मध्ये त्यांनी काही सहकाऱ्यांबरोबर कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी सुरू केली, १९३३ मध्ये ती पुण्याला गेली, आणि १९६० मध्ये प्रभातच्याच आवारात पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. देशातली सगळ्यात नावाजलेली सिनेमाची शाळा अशी एका कारखान्याच्या जागेवर आहे, हे मी मुलांना आवर्जून सांगतो.

फरक पडला तो कामाच्या वाटणीत. त्या काळच्या कंपनीत पोरसवदा माणसाला चारही खात्यांत हात घालता यायचा. आज मोठ्या सेटवर नवा असिस्टंट गेला तर कपड्यांची कंटिन्युइटी (आधीच्या शॉटमध्ये कुणी काय घातलं होतं त्याची नोंद) लिहिणं किंवा नटांना मेकअप रूममधून बोलावून आणणं, एवढंच त्याच्या वाट्याला सहा-सहा महिने येतं. ते कामही शिकवतं. पण शॉट कुठे कापायचा, आवाज का फाटला, सीन लिहिताना बरा वाटला होता तो पडद्यावर का पडला, हे त्याला कुणी सांगत नाही, कारण तिथे कुणाला वेळ नसतो. कॉलेजच्या तीन वर्षांत प्रत्येक खातं आळीपाळीनं हाताळता येतं आणि चुकलं तर कुणाचं लाखाचं नुकसान होत नाही. मग सेटवर जा. तेव्हा आजूबाजूला काय चाललंय ते कळेल.

"प्रात्यक्षिकातून शिकणं" म्हणजे वर्गात नक्की काय होतं?

एक स्वाध्याय सविस्तर सांगतो, म्हणजे अंदाज येईल.

पहिल्या वर्षी मुलांना "एखादी वस्तू बनताना दाखवा" असं काम असतं. निवेदन नाही, मुलाखत नाही, गाणं नाही. चार मिनिटांत बघणाऱ्याला वस्तू कशी बनते ते समजलं पाहिजे. आमच्या शेजारी मिरज आहे, तिथल्या सतारमेकरांच्या गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तानपुरे बनतात. मिरजेच्या या वाद्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. एखाद्या कारागिरानं हो म्हटलं की चार जणांचा गट तिथे जातो.

पहिल्या दिवशी कॅमेरा पिशवीतच ठेवायचा. नुसतं बसून बघायचं आणि वहीत लिहायचं. भोपळा कसा निवडतात, कुठे कापतात, दांडी कशी जोडतात, नक्षीचं काम कोण करतं, उजेड खिडकीतून किती वाजता आत येतो, शेजारच्या दुकानातला पॉलिशचा आवाज कधी थांबतो. याला सेटवर रेकी म्हणतात. दुसऱ्या दिवशी वहीवरून शॉट डिव्हिजन करायची. इथे मुलं पहिल्यांदा अडतात. त्यांनी "कारागीर काम करतोय" एवढंच लिहिलेलं असतं. पण ते कुठून बघायचं? हात दाखवायचे की चेहरा? हत्यार उचलतानाचा क्षण हवा की ठेवतानाचा? एकच कृती लांबून, मधून आणि अगदी जवळून घेतली नाही तर पुढे संकलनाच्या टेबलवर कापायला जागाच उरत नाही, हे पुस्तकात वाचून पटत नाही. संकलनाला बसल्यावर शॉट कमी पडला की पटतं आणि पुढे आयुष्यभर लक्षात राहतं.

या स्वाध्यायातला माझा सगळ्यात आवडता टप्पा जवारीचा. तानपुऱ्याच्या घोडीचा (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) पृष्ठभाग कारागीर कानसेनं अगदी किंचित घासतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. डोळ्यांना काहीच बदललेलं दिसत नाही. बदल होतो तो आवाजात, तार हळूहळू खुलत जाते, गुंजायला लागते. म्हणजे ही गोष्ट चित्रानं सांगताच येत नाही, आवाजानंच सांगावी लागते. ज्या गटानं माइक लांब ठेवला, त्यांच्या फिल्ममध्ये एक माणूस विनाकारण लाकूड घासताना दिसतो. ज्यांनी जवळ ठेवला, त्यांच्या फिल्ममध्ये वाद्य जन्माला येताना ऐकू येतं. मुलं हे एकमेकांच्या फिल्म बघून आपोआप ओळखतात.

मग रफ कट, म्हणजे संकलनाचा पहिला कच्चा खर्डा, सगळ्या वर्गासमोर दाखवायचा आणि करणाऱ्यानं गप्प बसायचं. "तिथे मला असं म्हणायचं होतं" हे वाक्य बोलायला परवानगी नसते. बाकीच्यांनी काय दिसलं तेवढंच सांगायचं. त्यावरून पुन्हा कापायचं. शेवटी फिल्म कारागिराला आणि त्याच्या घरच्यांना दाखवायची. त्यांच्याइतका बारीक प्रेक्षक कुठे मिळणार?

कॉलेज निवडताना काय बघू?

माहितीपत्रकातला कॅमेऱ्याचा फोटो बघू नका. तो कॅमेरा विद्यार्थ्याच्या हातात वर्षातले किती दिवस असतो ते विचारा. एका कॅमेऱ्यामागे किती मुलं आहेत? सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी सामान मिळतं का, की पाच वाजता कपाटाला कुलूप लागतं? संकलनाची खोली किती वाजेपर्यंत उघडी असते? आवाजाचं सामान दाखवा म्हणा. कॅमेरे तीन-तीन आणि बूम माइक (काठीवर धरायचा माइक) एकही नाही, अशी जागा असेल तर तिथे सिनेमा शिकवणाऱ्यानं स्वतः फार सिनेमे केले नसावेत असं मी समजतो.

मागच्या वर्षीच्या मुलांच्या पाच फिल्म दाखवा, असं स्पष्ट मागा. उत्तम एक फिल्म सगळेच दाखवतात. तुम्ही सर्वसाधारण पाच मागा. त्यात मुलांनी काय लिहिलं, काय ऐकलं ते दिसेल. शक्य झालं तर दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थ्याशी कँटीनमध्ये बोला. कुठला नट उद्घाटनाला आला होता, याचा शिक्षणाशी संबंध नाही.

मान्यतेचंही बघा. विद्यापीठाची पदवी आणि खासगी संस्थेचं प्रमाणपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढे पदव्युत्तर शिक्षण, स्पर्धा परीक्षा, कशासाठीही पदवी लागू शकते. बी.व्होक. या कौशल्याधारित पदवीच्या आराखड्यात ६० टक्के श्रेयांक (क्रेडिट) कौशल्याचे आणि ४० टक्के सामान्य शिक्षणाचे असतात, त्यामुळे हाताच्या कामाला तिथे हक्काची जागा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार एका वर्षानं प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी आणि चार वर्षांनी ऑनर्स अशी रचना आहे. घरची अडचण आली तर मधे थांबता येतं, हे पालकांनी माहीत करून घ्यावं. कागदावर साठ टक्के असलेलं प्रत्यक्षात तेवढं होतं का, हे मात्र कॅमेऱ्याच्या नोंदवहीवरूनच कळतं. ती वही बघायला मागा.

सुरुवातीलाच महागडा कॅमेरा घ्यावा लागेल का?

नाही. घेऊ नका. कर्ज काढून तर अजिबात नको.

पहिल्या वर्षाला चांगला मोबाइल पुरतो, पण त्याला मोकाट सोडायचं नाही. एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (पांढरा कशाला मानायचा) हातानं ठरवता येतील असं अ‍ॅप वापरा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला ते दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं आणि चित्रात पट्टे फिरतात. म्हणून सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा. प्रत्येक फ्रेमला शटर उघडं असतं तेवढ्यात बरोबर दोन लुकलुका मावतात आणि पट्टे जातात. माणसाची हालचालही डोळ्याला सवयीची दिसते. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात: पिवळा दिवा साधारण ३२०० केल्विन, दुपारचं ऊन साधारण ५६०० केल्विन. दोन्ही एकाच चौकटीत आले तर कुणाला खरं मानायचं हे तुम्ही ठरवायचं, फोननं नाही.

पैसे खर्च करायचेच असतील तर आधी ट्रायपॉड, मग माइक आणि कानावर बसणारे हेडफोन. थर्माकोलचा पांढरा शीट कुठल्याही डेकोरेशनवाल्याकडे मिळतो, तो चेहऱ्यावर ऊन परतवायला मोठमोठ्या सेटवरही वापरतात.

मुलांच्या फिल्म बघताना सगळ्यात जास्त काय खटकतं?

आवाज. हे उत्तर मी लांब देणार आहे, कारण या एका गोष्टीकडे लक्ष दिलं तर फिल्म निम्मी सुधारते.

चित्र थोडं हललं, थोडं काळं पडलं तर प्रेक्षक चालवून घेतो. संवाद ऐकू आला नाही तर तो उठून जातो. कॅमेऱ्यावरचा माइक कॅमेऱ्याच्या जवळ असतो, नटाच्या नाही, आणि घोटाळा तिथेच आहे. माइक बोलणाऱ्याच्या तोंडापासून दीड-दोन फुटांवर हवा, चौकटीच्या अगदी कडेला. काठीवर धरून डोक्यावर ठेवला की त्याला बूम म्हणतात, आणि तो धरणाऱ्याला संवाद पाठ असावे लागतात. पुढचं वाक्य कोण बोलणार हे कळल्याशिवाय तो वळवणार कसा? आमच्याकडे मुलं सुरुवातीला बूम धरायला नाखूश असतात. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी ज्यांनी जास्त बूम धरली त्यांना अभिनय आणि संवाद इतरांपेक्षा जास्त कळू लागलेले दिसतात, कारण ते प्रत्येक टेक कानात ऐकत असतात.

रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झवर करा (रेकॉर्डरमध्ये ही सॅम्पल रेटची सेटिंग असते). पातळी अशी ठेवा की मोठ्यानं बोललेलं वाक्य मीटरवर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. शून्याला टेकलेला आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरनं नीट शिवता येत नाही. खोलीतला पंखा बंद करा, फ्रिज बंद करा (आणि निघताना पुन्हा सुरू करायला विसरू नका, गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली की आठवण राहते). सीन संपला की सगळ्यांनी जागच्या जागी तीस सेकंद उभं राहायचं आणि खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. तिला रूम टोन म्हणतात. दोन वाक्यांमधला खड्डा भरायला ती लागते.

आता आपल्या गावचं. सांगलीत ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की ट्रॅक्टर गाणी लावून रात्रंदिवस जातात. गणपतीच्या दिवसांत शांत गल्ली मिळणं अवघड. लग्नसराईत बँड असतो, यात्रेच्या दिवसांत ढोल-ताशा. रेकी करताना दिवसाबरोबर वेळही लिहा आणि ज्या वेळी शूटिंग करणार त्याच वेळी जाऊन दहा मिनिटं डोळे मिटून ऐका. नाहीतर हाच आवाज कथेत घ्या. उसाचा ट्रॅक्टर मधेच जातो म्हणून दोन पात्रांना बोलणं थांबवावं लागतं, यातूनही सीन होतो, आणि तो इथलाच होतो.

मी एकांकिका करतो. त्याचा उपयोग होईल का?

होईल, भरपूर. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात ते उगीच नाही. १८४३ मध्ये सांगलीच्या संस्थानात चिंतामणराव पटवर्धनांच्या आश्रयानं विष्णुदास भाव्यांनी पहिलं नाटक केलं, आणि ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन आजही त्याच आठवणीत साजरा होतो. गोविंद बल्लाळ देवल शेजारच्या हरिपूरचे. त्या परंपरेनं या गावातल्या मुलांना तालीम म्हणजे काय ते शिकवलंय. एकांकिकावाला मुलगा वेळेवर येतो, संवाद पाठ करून येतो, आणि सेट त्याला स्वतः उचलता येतो. हे सिनेमात सोन्यासारखं आहे.

दोन सवयी मात्र सोडाव्या लागतात. रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं, कॅमेरा एका हातावर असतो. डोळ्याची पापणी हललेली त्याला दिसते. त्यामुळे आवाज आणि हात दोन्ही खाली आणावे लागतात, आणि पहिले काही महिने नटाला आपण काहीच करत नाही आहोत असं वाटतं. दुसरी सवय लिखाणातली. एकांकिकेत माणसं बोलून सगळं सांगतात. आमच्याकडे एक स्वाध्याय असतो: तुमच्याच एकांकिकेतला एक प्रवेश घ्या आणि एकही संवाद न ठेवता तीन मिनिटांत दाखवा. नाटकवाली मुलं यावर सुरुवातीला वैतागतात आणि सगळ्यात चांगली कामंही तीच करतात.

माझी भाषा गावाकडची आहे. कॅमेऱ्यासमोर, वर्गात लाज वाटते.

तुमच्याकडे असलेलं ते सगळ्यात मोलाचं भांडवल आहे. "काय करायलास?", "जेवलास व्हय?" हे तुम्ही जसं बोलता तसं पुण्या-मुंबईत वाढलेल्या लेखकाला लिहायला महिने लागतात, आणि तरी ते नीट उतरत नाही. गदिमा आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मले, अण्णाभाऊ साठे वाळवा तालुक्यातल्या वाटेगावात. त्यांनी आपली बोली पुसली नाही. पात्र जतचं असेल तर जतचं बोलू द्या, मिरजेचं असेल तर मिरजेचं. दोन्हींत फरक आहे, आणि तो तुम्हाला ऐकू येतो.

इंग्रजीचंही विचारतात. सॉफ्टवेअरमधले शब्द इंग्रजी असतात, ते आठवड्याभरात पाठ होतात. अधिक काळजी करू नका.

विषय कुठे शोधायचे? इथे तर काहीच घडत नाही.

हे वाक्य सांगलीत बसून कुणी बोललं की मी त्याला मार्केट यार्डात पाठवतो. हळदीचे सौदे होताना बघा. हरिपूरला जमिनीखाली हळद साठवायची पेवं होती, २००५ च्या महापुरानं त्यांचं फार नुकसान झालं. पेवात उतरणारी माणसं, त्यांची मुलं, ती जागा, एवढ्यावर एक माहितीपट उभा राहतो. तासगाव भागात फेब्रुवारीपासून बेदाण्याची शेड भरायला लागतात. द्राक्षं द्रावणात बुडवून जाळ्यांवर पसरायची, ती सुकेपर्यंत अवकाळी पावसाची धास्ती. कथा लिहायला आणखी काय हवं? पश्चिमेला कृष्णाकाठ पुरानं घाबरलेला आणि पूर्वेला जत-आटपाडीकडे पाण्याची वाट बघणारी गावं, एकाच जिल्ह्यात. आयर्विन पुलावर उभं राहून पाण्याची पातळी बघणारी माणसं मी लहानपणापासून बघत आलोय, आणि त्यांच्या बोलण्यावर अजून कुणी धड फिल्म केलेली माझ्या पाहण्यात नाही.

एक अट घालतो. २०१९ चा आणि २०२१ चा पूर ज्यांच्या घरात शिरला त्यांच्याकडे कॅमेरा सुरू करूनच जायचं नाही. आधी बिनकॅमेऱ्याचं जा, चहा घ्या, ऐका. रडणारा चेहरा मिळाला म्हणून खूश होणारा विद्यार्थी मला घाबरवतो. चित्रीकरणाआधी परवानगी घ्या आणि झालेली फिल्म त्यांना आधी दाखवा. "हे नको" म्हणाले तर ते काढा. माहितीपटाचं अर्धं शिक्षण याच वागण्यात आहे.

मुलगी म्हणते सिनेमा शिकायचाय. पाठवावं का? (हा प्रश्न बहुतेक वेळा आई विचारते, मुलीला बाहेर बसवून.)

ताई, पाठवा. आणि मुलीला आत बोलवा, तिच्यासमोर बोलू.

काळजी कशाची ते मला माहीत आहे: रात्री-अपरात्रीचं शूटिंग, अनोळखी माणसं. म्हणून कॉलेजला थेट विचारा. प्रत्येक शूटिंगची कॉल शीट आदल्या दिवशी निघते का? त्यात जागा, वेळ, कोण कोण असेल, सुटायची वेळ लिहिलेली असते का? उशीर झाला तर घरी सोडायची जबाबदारी कुणाची? तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव फलकावर आहे का? जिथे या प्रश्नांची उत्तरं अडखळत मिळतात, तिथे मुलगाही पाठवू नका.

कामाचं म्हणाल तर रेणू सलुजा पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये संकलन शिकल्या आणि हिंदी सिनेमातल्या अव्वल संकलकांत गणल्या गेल्या. सुमित्रा भावे समाजकार्याच्या क्षेत्रातून सिनेमाकडे आल्या आणि मराठीत स्वतःची वाट पाडली. आमच्या वर्गात मुली "डायरेक्शनच्या टीममध्ये" म्हणून मेकअप आणि कपड्यांकडे ढकलल्या जातात, हे मला मंजूर नाही. प्रत्येकीनं कॅमेरा, आवाज आणि लाइट किमान एकेका फिल्मला करायचेच, असा नियम ठेवला आहे.

शिकून नोकरी मिळेल का?

ठरलेला पगार, ठरलेली तारीख अशी नोकरी या क्षेत्रात थोड्यांना मिळते. बहुतेक जण कामावर काम मिळवत राहतात. हे आधी मान्य करून मगच या.

पण काम आहे. सातारा, वाई, कोल्हापूर परिसरात मालिका-सिनेमांची चित्रीकरणं होतात, तिथे स्थानिक असिस्टंट, कॅमेरा अटेंडंट, प्रॉडक्शनची माणसं लागतात. साखर कारखाने, दवाखाने, शिक्षणसंस्था, द्राक्ष निर्यातदार सगळ्यांना आता व्हिडिओ हवे असतात. लग्नाचं शूटिंग कमी समजू नका. रीटेक नाही, उजेड हातात नाही, गर्दी आहे आणि तरी सप्तपदीचा क्षण चुकवायचा नाही. हा सराव माहितीपटाला थेट उपयोगी पडतो. कमवा आणि शिका ही कर्मवीरांनी रुजवलेली पद्धत सातारा-सांगली पट्ट्यात कुणाला परकी नाही. माझे बरेच विद्यार्थी लग्नाच्या हंगामात फी कमावतात आणि पावसाळ्यात स्वतःच्या फिल्म लिहितात.

चित्र आणि आवाज या दोन्हींतलं एक तरी खातं पक्कं यायला हवं. "मी डायरेक्टर आहे" एवढ्यावर कुणी बोलावत नाही. "आवाज नीट घेतो" म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी फोन येतो.

पुढे शिकायचं असेल तर?

पुण्याची एफटीआयआय (वर सांगितलेली फिल्म इन्स्टिट्यूट) आणि कोलकात्याची, १९९५ मध्ये सुरू झालेली सत्यजित राय इन्स्टिट्यूट. सिनेमाच्या बहुतेक पदव्युत्तर अभ्यासक्रमांना आधी कुठलीही पदवी लागते. प्रवेश परीक्षेची तयारी म्हणून क्लास लावण्यापेक्षा तीन वर्षांत केलेल्या फिल्म, वाचलेली पुस्तकं आणि लिहिलेल्या वह्या जास्त कामी येतात. जागा फार थोड्या असतात. पहिल्यांदा नाही मिळाली तर ती तुमच्या कुवतीची पावती समजू नका.

संकलनासाठी भारी संगणक लागतो का?

कॉलेजचा वापरा. घरी असेल त्यावर डाविन्ची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती चालते का बघा, नाही तर केडेनलाइव्ह. जड फाइलच्या हलक्या प्रती (प्रॉक्सी) करून घेतल्या की जुनं यंत्रही तग धरतं.

कार्ड रिकामं करण्याची शिस्त त्याहून महत्त्वाची. सेकंदाला १०० मेगाबिटनं केलेलं एक तासाचं चित्रीकरण सुमारे ४५ जीबी होतं. दोन वेगळ्या डिस्कवर प्रत, तिसरी वेगळ्या घरात. प्रत उघडून बघितल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही, कितीही घाई असली तरी.

फिल्ममध्ये आवडतं गाणं टाकू का?

नको. लेखक-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, ध्वनिमुद्रणाचे वेगळे. त्यापेक्षा आजीकडून जात्यावरची ओवी रेकॉर्ड करा. ओवी सगळ्यांची आहे, आवाज आजीचा, आणि परवानगी घरातच मिळते. मिरजेत वाजवणारी मुलं शोधाल तर सापडतील, त्यांनाही आपलं काम ऐकवायचं असतं.

परवानग्या कुठून घ्यायच्या?

कुणाचं घर, शेत, दुकान असेल तर मालकाचं लेखी पत्र. रस्त्यावर गर्दी होणार असेल तर पोलिस ठाण्यात अर्ज. मिरज जंक्शनवर रेल्वेची परवानगी लागते, मोबाइलनं शूट केलं तरी. सागरेश्वर, चांदोली किंवा साताऱ्याकडच्या कासला जायचं तर वनखात्याची. ड्रोनसाठी २०२१ चे ड्रोन नियम वाचा आणि ड्रोन कुठे उडवता येतो ते दाखवणारा सरकारचा हिरवा-पिवळा-लाल नकाशा बघा. कॉलेजच्या लेटरहेडवरचं पत्र प्रत्येकानं खिशात ठेवायचं.

झालेली फिल्म दाखवायची कुठे?

आधी जिथे केली तिथे. गावात केली असेल तर देवळाच्या सभामंडपात पांढरा पडदा लावा आणि प्रोजेक्टर कॉलेजमधून न्या. लहान पोरं कुठे हसली, म्हातारी माणसं कधी चुळबुळली, हे मागे उभं राहून लिहून घ्या. मग महोत्सव, मग इंटरनेट, या क्रमानं. बरेच महोत्सव आधी नेटवर टाकलेली फिल्म घेत नाहीत, म्हणून नियम वाचल्याशिवाय अपलोड करू नका. थिएटरमध्ये लोकांसाठी लावायची झाली तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं.

प्रवेशाला अजून दोन महिने आहेत. तोवर काय करू?

रोज एक मिनिट शूट करा. एकच जागा, एकच शॉट, कॅमेरा न हलवता. एसटी स्टँड, घाट, गिरणी, स्वतःच्या घरचं स्वयंपाकघर, कुठलंही चालेल. रात्री तो आवाज बंद करून बघा, मग चित्र बंद करून ऐका, आणि काय कळलं, काय कळलं नाही ते वहीत तारखेसकट लिहा. आठवड्याला एक सिनेमा दोनदा बघा; दुसऱ्यांदा बघताना फक्त शॉट कुठे बदलतो तिथे रेघ ओढा. घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसाशी तासभर बोला आणि ते बोलणं रेकॉर्ड करून शब्दशः कागदावर उतरवा. माणसं किती अर्धी वाक्यं बोलतात ते बघा. या वह्या पहिल्या दिवशी घेऊन या. पहिला तास त्यांच्यावरच असतो.